घाणा, कचेरी, कारखाना : आपल्या घरांची पायरी कशी वर-खाली झाली



लग्नघरात किंवा मलिद्याला चार वडीलधारी मंडळी एकत्र बसली की बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं. अमक्याचं घर वर गेलं, तमक्याचं होतं तिथंच राहिलं. मग कोणी म्हणतं नशीब, कोणी म्हणतं अक्कल, कोणी म्हणतं बायकोने संसार नेटका केला. यात थोडं थोडं खरं असेलही. पण मी दक्षिणेकडच्या एका कापडाच्या कारखान्यात पगाराच्या खात्यात २७ वर्षं काम केलं. शेकडो घरांचे तलूश माझ्या हातून गेले. त्यावरून मला असं दिसलं, की घर वर जाण्यात किंवा अडकून पडण्यात माणसाच्या गुणांइतकाच, पुष्कळदा त्याहून जास्त, वाटा आजूबाजूच्या आर्थिक परिस्थितीचा असतो. परिस्थिती पालटते त्या वेळी घराच्या हातात काय असतं, म्हणजे चालणारं कसब, राहत्या घराचा कागद, पेन्शन, यावर पुढच्या दोन पिढ्यांचं ठरतं.

हे मी आपल्या समाजाच्या इतिहासातून आणि माझ्याच नात्यातल्या तीन घरांवरून सांगते. नावं घालत नाही. वाचताना तुम्हाला तुमचीच घरं आठवतील.

पायरी चढली हे मोजायचं कसं

पायरी दोन तऱ्हांनी मोजता येते आणि दोन्हींची सरमिसळ झाली की भांडणं होतात.

पहिली तऱ्हा म्हणजे आपल्या आईबापांच्या जगण्याशी तुलना. माझी आई भायखळ्याच्या चाळीत स्टोव्हवर सैपाक करायची, नळ सगळ्या मजल्याला मिळून एक. डिमोनात आम्हाला दोन खोल्या मिळाल्या, आत स्वतःचा नळ आणि न्हाणीघर. काही वर्षांनी फ्रीज आला. या हिशोबाने आमचं घर चढलं, यात शंका नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे आपल्याच काळातल्या दुसऱ्या घरांशी तुलना. आमच्याकडे फ्रीज आला तेव्हा देशात जवळजवळ सगळ्यांकडेच फ्रीज येत होता. सगळा जिना वर सरकला तर आपण वर जातो, पण रांगेतला नंबर तोच राहतो. वडील मुंबईत कचेरीत खुर्चीवर बसत, इथे फावडं घेऊन उभे राहिले. या हिशोबाने आमचं घर उतरलं.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणून एक भाऊ म्हणतो, “इस्राएलने आपल्याला सगळं दिलं,” आणि दुसरा म्हणतो, “आपली किंमत कमी झाली,” तेव्हा दोघांपैकी कोणी खोटं बोलत नसतो.

कोकणातला घाणा

आपले पूर्वज कोकणात, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, पेण, पनवेल या भागातल्या गावांत राहत. बऱ्याच घरांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. काहींची थोडी शेतीही असायची. गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनावं झाली, ती आपण अजून लावतो.

त्या व्यवस्थेत चढायला जागाच कमी होती. बापाचा घाणा मुलाकडे यायचा. दोन मुलगे असले तर घाणा वाटला जायचा नाही, मिळकत वाटली जायची. चढायचं असेल तर गाव सोडून जावं लागायचं. अठराव्या शतकात मुंबई वाढायला लागली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत भरती सुरू झाली, तेव्हा ही वाट उघडली. पुढे एकोणिसाव्या शतकात दिव्यासाठी परदेशी घासलेट आलं, मग यंत्रावर काढलेलं तेल आलं आणि गावच्या घाण्याची मिळकत घटत गेली. जे आधी मुंबईला गेले त्यांना पाय रोवायला वेळ मिळाला. उशिरा गेलेल्यांना मिळेल ते काम धरावं लागलं. आधी आणि उशिरा हा फरक पुढे प्रत्येक टप्प्यावर दिसतो.

मुंबई : पलटण, शाळा आणि पेन्शनीची नोकरी

पलटणीने आपल्या लोकांना पहिल्यांदा रोख पगार आणि निवृत्तीनंतरचं वेतन दाखवलं. आपल्यातले बरेच जण सुभेदार, सुभेदार-मेजर या पायरीपर्यंत चढले. मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉग, ज्याला आपली जुनी माणसं मशीदच म्हणत, ते १७९६ मध्ये सॅम्युअल एझिकेल दिवेकर यांनी बांधलं. तेही पलटणीतलेच.

मग परिस्थिती पालटली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्यात जातीजमातीप्रमाणे पलटणी आणि कंपन्या करण्याचं धोरण आलं. आपली संख्या इतकी थोडी, की आपली वेगळी पलटण होणं शक्य नव्हतं. बढतीची वाट अरुंद झाली आणि हळूहळू आपल्या लोकांनी पलटण सोडली. यात कोणाच्या शौर्यात कमी झालं नव्हतं, फक्त नियम बदलला होता.

त्या वेळी समाजाला तारलं ते शाळेने. हाईम सॅम्युअल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली. पुढे तीच सर एली कदुरी शाळा झाली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली होती, गिरण्या निघाल्या होत्या, सरकारी कचेऱ्या वाढत होत्या. ज्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत होतं त्याला रेल्वेत, टपालात, कस्टममध्ये, इस्पितळात जागा मिळाली. ज्याला हाताचं कसब होतं तो गिरणीत किंवा वर्कशॉपमध्ये फिटर, सुतार, मेस्त्री झाला. ससून घराण्याच्या गिरण्यांतही आपले बरेच लोक होते.

मुलींनाही याच काळात वाट मिळाली. शिक्षिका आणि नर्स हे आपल्या मुलींचे ठरलेले पेशे झाले. रिबेका रूबेन समाजाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. डॉ. जेरुशा झिराड कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, वरळीचा ई. मोझेस रोड त्यांच्या नावाचा. दीडशे वर्षांत घाण्यापासून महापौरांच्या खुर्चीपर्यंत, ही लहान चढण नव्हे.

पण ही उदाहरणं थोड्या घरांची आहेत, हे विसरू नये. बहुसंख्य घरं एका खोलीत राहून पगार ते पगार दिवस काढणारी होती. फरक इतकाच, की पगार ठरलेल्या तारखेला यायचा आणि शेवटी पेन्शन किंवा फंड मिळायचा. म्हणूनच मुलगी देताना आधी विचारायचे, “मुलगा पर्मनंट आहे का?”

तीन घरं

आता माझ्या नात्यातली तीन घरं सांगते. तिन्ही एकाच चाळीतून निघाली.

माझे वडील रेल्वेत कारकून. मॅट्रिक झालेले, अक्षर मोत्यासारखं. त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, गिरणीत फिटर, शाळा सातवीपर्यंत. आणि त्यांची बहीण, माझी आत्या, लग्न करून शेजारच्याच चाळीत राहणारी. घरात मान वडिलांचा. कुठलाही अर्ज लिहायचा तर सगळे त्यांच्याकडे यायचे.

१९६४ मध्ये वडील आणि काका दोघेही आपापली कुटुंबं घेऊन इस्राएलला आले. मी तेव्हा १६ वर्षांची होते. आत्या मागे राहिली, कारण तिच्या सासूबाई हलायला तयार नव्हत्या. वडिलांनी आमची खोली तिच्या हवाली केली. त्या दिवसांत आत्याला सगळे बिचारी म्हणायचे.

इस्राएल : कसब चाललं, अक्षर अडलं

१९४८ च्या सुमारास भारतात आपला समाज वीसेक हजारांचा होता. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यातले बहुतेक इकडे आले. डिमोना १९५५ मध्ये वसलं, अश्दोद १९५६ मध्ये, येरुहाम त्याच्याही आधी, १९५१ मध्ये. नवीन गावांत माणसं हवी होती आणि नवीन येणाऱ्यांना सोखनूत तिकडेच पाठवत असे. आपल्यातले पुष्कळ लोक डिमोना, बेर शेवा, किर्यात गात, अश्दोद, लोद, रामले इथे असे वसले.

इथे उलटापालट झाली. वडिलांची सारी कमाई इंग्रजीत आणि अक्षरात होती. हिब्रूशिवाय ती चालेना. चाळीस ओलांडलेल्या माणसाला उल्पानमध्ये सहा महिन्यांत कारकुनीची हिब्रू येत नाही. त्यांना आधी झाडं लावण्याच्या, रस्त्याच्या कामावर दिवस मिळाले, मग एका कारखान्यात गोदामात जागा मिळाली. काकांना लेथ आणि पाना यांच्यासाठी फारशी भाषा लागत नव्हती. लोदच्या विमानतळाजवळ विमानदुरुस्तीचं काम १९५३ पासून वाढत होतं, तिथे हाताचं काम जाणणारी माणसं हवी होती. काका तिथे लागले आणि दोन वर्षांत त्यांना केविऊत मिळाली. केविऊत म्हणजे मुंबईतलं पर्मनंट होणं, पण त्याहून पक्कं.

सात इयत्ता शिकलेला भाऊ मॅट्रिक झालेल्या भावाच्या वर गेला. वडील कमी कष्टाळू होते असं नाही. देश बदलला की काही विद्या सोबत येते आणि काही विमानतळावरच राहते. भाषेवर उभं असलेलं काम सहसा मागे राहतं, हातावर किंवा आकड्यांवर उभं असलेलं काम सोबत येतं. नर्स झालेल्या आपल्या मुलींना म्हणूनच इथे लवकर जागा मिळाल्या. मलाही पगाराच्या खात्यात घेतलं ते आकडेमोड येत होती म्हणून, हिब्रू मागून आली.

दुसरं कारण जागेचं. डिमोनासारख्या गावात दोन-तीन मोठे कारखाने, बाकी काही नाही. तिथली नोकरी गेली तर दुसरी शोधायला गाव सोडावं लागायचं. लोदहून तेल अवीव जवळ, एक काम सुटलं तर दुसरं मिळायचं. कोणाला कुठे पाठवलं हे पहिल्या आठवड्यात ठरलं आणि त्याचे परिणाम नातवंडांपर्यंत आले.

महागाईची वर्षं

ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. लिरा जाऊन १९८० मध्ये शेकेल आला. १९८४ मध्ये महागाई वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर गेली. सकाळी पाहिलेली किंमत संध्याकाळी बदललेली असायची. जुलै १९८५ मध्ये सरकारने कडक योजना आणली आणि मग एक हजार जुन्या शेकेलचा एक नवा शेकेल झाला.

महागाई सगळ्यांना सारखी लागते असं वाटतं, पण तसं नसतं. माझ्यासमोरच्या तलूशांवरून मला तीन तऱ्हा दिसत होत्या.

मोठ्या कारखान्यातल्या कायम कामगाराला तोसेफेत योकेर, म्हणजे महागाईची भर, मिळायची. ती उशिरा यायची, पण यायची. रोजंदारीवरच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईला ती मिळेलच असं नव्हतं.

रोख पैसे साठवणाऱ्याचं नुकसान झालं. आपली माणसं कर्जाला घाबरणारी, पोस्टात किंवा डब्यात पैसे ठेवणारी. ते पैसे विरघळले. काहींनी शहाणपणा म्हणून बँकांचे शेअर घेतले होते. ऑक्टोबर १९८३ मध्ये ते कोसळले.

ज्याने वेळेवर कर्ज काढलं होतं त्याचं मात्र भलं झालं. सत्तरच्या दशकातली काही माश्कांता मदादला, म्हणजे महागाईच्या निर्देशांकाला, पूर्ण जोडलेली नव्हती. काकांनी १९७२ मध्ये अशा कर्जावर लोदजवळ तीन खोल्या घेतल्या. पगार वाढत गेला, हप्ता जवळजवळ तिथेच राहिला. काकू हसून म्हणायच्या, “बँकेत हप्ता भरायला जायचं बसभाडं हप्त्यापेक्षा जास्त झालं.” पुढे कर्जं मदादला जोडली गेली आणि ही सोय संपली. आठ-दहा वर्षांनी घर घेणाऱ्या माझ्या भावाला हप्ता भरूनही कर्ज वाढत असल्याचं पाहावं लागलं. कुटुंब एकच, स्वभाव सारखाच, कर्ज फक्त वेगळ्या साली घेतलेलं.

कारखाने बंद झाले

डिमोना, किर्यात गात, ओफाकिम इथले कापडाचे कारखाने सरकारी मदतीवर आणि आयातीवरच्या बंधनांच्या आडोशाने उभे राहिले होते. १९९१ नंतर आयातीची दारं टप्प्याटप्प्याने उघडली. १९९४ मध्ये जॉर्डनशी करार झाला. शिवणकाम जिथे मजुरी स्वस्त तिकडे, म्हणजे जॉर्डन, इजिप्त आणि पुढे आशियात गेलं. त्याच वर्षांत सोव्हिएत संघातून लाखो नवीन लोक आले, त्यांच्यात शिकलेले इंजिनियर होते, तेही मिळेल ते काम करायला तयार. देशाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टींनी भरभराट झाली. पण पन्नाशीच्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते तिचं शेवटचं यंत्र होतं.

आमचा कारखाना १९९५ मध्ये बंद झाला. शेवटच्या महिन्याचे पित्सुईम मीच मांडले. कायद्याप्रमाणे नोकरीच्या दर वर्षाला एक महिन्याचा पगार. वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्यांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा मोठी रक्कम आली. त्या रकमेचं कोणी काय केलं, हे मी नंतर बरीच वर्षं पाहिलं. काहींनी घराचं कर्ज फेडलं किंवा अमीदारचं घर विकत घेतलं, ती घरं आज निश्चिंत आहेत. काहींनी मुलाला दुकान काढून दिलं, पण गावात गिऱ्हाइकांचेच पगार बंद झालेले, दुकानं चालली नाहीत. काहींनी मुलींची लग्नं केली. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत, लग्न हीसुद्धा गरजच होती.

मुंबईत राहिलेल्यांवरही अशीच वेळ आली होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बहुतेकांची नोकरी परत उभी राहिली नाही. आत्याचे यजमान त्यातले एक.

घर : भाड्याचं की मालकीचं

इथे आत्याची गोष्ट पुढे सरकते. मुंबईत १९४७ च्या भाडेकायद्याने जुन्या खोल्यांची भाडी गोठली होती. पागडीची खोली म्हणजे अर्धी मालकीच. संपानंतर दोन वर्षांनी आत्याने दोन्ही खोल्या सोडल्या. पागडीतला हिस्सा चाळमालकाला देऊन जे उरलं त्यात आणि थोड्या उसनवारीवर ठाण्यात ओनरशिपचा ब्लॉक घेतला. तेव्हा आपले पुष्कळ लोक भायखळा, माझगाव सोडून ठाण्याला जात होते. तिथे १८७९ पासून आपलं सिनेगॉग आहे, म्हणून ती जागा परकी नव्हती. १९९१ नंतर भारताची अर्थव्यवस्था खुली झाली. इंग्रजी शाळेत शिकलेल्या तिच्या मुलांना बँकेत आणि विमान कंपनीत नोकऱ्या लागल्या. ठाण्याच्या त्या ब्लॉकची किंमत आज ऐकली तर आपण गप्प बसू. ज्या इंग्रजीची किंमत वडिलांना इथे मिळाली नाही, ती तिच्या मुलांना तिथे मिळाली. बिचारी आत्या आता बिचारी राहिली नाही.

इस्राएलमध्ये घराचा फरक गावावरून पडला. डिमोनाच्या शिकूनमधलं घर आणि मधल्या भागातलं घर, दोन्ही सुरुवातीला सारखेच साधे ठोकळे. २००८ नंतर देशभर घरांच्या किमती दुपटीहून जास्त झाल्या. पण रकमेत पाहिलं तर मधल्या भागातल्या घराने मालकाला जे दिलं ते दक्षिणेतल्या घराने दिलं नाही. काकांच्या मुलांनी ते घर विकून दोन घरांची सुरुवातीची रक्कम उभी केली. आमचं डिमोनाचं घर विकून तेल अवीवजवळ एक खोलीसुद्धा आली नसती.

आमचे वडील शेवटपर्यंत अमीदारचे भाडेकरू राहिले, १९८९ मध्ये वारले. १९९८ मध्ये सरकारी घरांच्या भाडेकरूंना सवलतीत घर विकत देण्याचा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी बरीच वर्षं पुढे ढकलली गेली, पण मधल्या काळात सवलतीच्या विक्रीच्या मोहिमा निघाल्या. तशा एका मोहिमेत आईने ते घर घेतलं. पैसे माझ्या पित्सुईममधले. गाव लहान, किंमत कमी, तरी तिचं म्हातारपण त्या कागदावर सुखाने गेलं.

मुलांचं शिक्षण

नवीन गावांतल्या शाळांत आपल्या मुलांना पुष्कळदा शिवण, लोहारकाम, वीजकाम अशा धंदेशिक्षणाच्या वर्गात घातलं जायचं. त्या वर्गातून पूर्ण बग्रुत मिळत नसे आणि बग्रुतशिवाय विद्यापीठ नाही. वडीलधाऱ्यांना वाटायचं, हातात धंदा आहे ना, झालं. काकांच्या पिढीत ते खरंही होतं. पण नव्वदच्या दशकात शिवणाचे कारखानेच गेले, तेव्हा त्या शिक्षणाची जमीन सरकली.

दोन गोष्टींनी वाट मोकळी केली. १९७८ मध्ये माध्यमिक शाळेची फी रद्द झाली. त्यानंतर नव्वदच्या दशकात देशभर कॉलेजं निघाली. बेर शेवाच्या विद्यापीठात जागा न मिळालेल्या मुलांनाही पदवी घेता येऊ लागली. किर्यात गातमध्ये १९९९ मध्ये इंटेलचा मोठा कारखाना सुरू झाला. ज्या गावात आई शिवणयंत्रावर बसायची तिथे मुलगी चिप तयार करणाऱ्या कारखान्यात लागली, अशी घरं आपल्यात आहेत. पण त्याच गावात ज्यांच्याकडे बग्रुत नव्हतं, त्यांना तिथे सफाई आणि पहारा एवढंच मिळालं. एकच कारखाना दोन शेजाऱ्यांना वेगवेगळ्या पायरीवर उभं करतो, हे माझ्या पाहण्यातलं आहे.

म्हातारपण आणि बायकांची पेन्शन

बितुआख लेउमी १९५४ पासून आहे. त्याचं वृद्धवेतन सगळ्यांना मिळतं, पण त्यावर एकट्याने महिना काढणं जड जातं. खरा फरक पडतो तो कामावरच्या पेन्शनने. मोठ्या कारखान्यातल्या आणि सरकारी नोकरांचं पेन्शन कापलं जायचं. लहान दुकानात, घरकामात, म्हाताऱ्यांची देखभाल करण्यात ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्यांचं काही कापलं गेलं नाही. सर्व मालकांना पेन्शन सक्तीचं झालं २००८ मध्ये. तोपर्यंत आपल्या कितीतरी बायकांचं काम संपत आलं होतं. गृहिणींना वृद्धवेतन मिळू लागलं तेही १९९६ पासून.

म्हणून आज एकाच वयाच्या दोन बहिणी वेगळ्या पायऱ्यांवर दिसतात. एक शाळेत मदतनीस होती, तिला पेन्शन आहे. दुसरीने तितकीच वर्षं चार घरांत काम केलं, तिला नाही. दुसरीने कष्ट कमी केले असं कोणी म्हणू नये.

आता करण्यासारखं काय

इतिहास बदलता येत नाही, पण काही गोष्टी अजून हातात आहेत. आपल्या वयाच्या मंडळींसाठी त्या लिहून ठेवते.

पहिली, जुने तलूश आणि पेन्शन फंडाची पत्रं फेकू नका. बंद पडलेल्या कारखान्यातले, विसरलेल्या खात्यातले पैसे शोधायला अर्थमंत्रालयाची ‘हार हाकेसेफ’ नावाची सोय इंटरनेटवर आहे. नातवाला शेजारी बसवा, तेउदात जेहूत हाताशी ठेवा आणि एकदा शोधून पाहा. वारलेल्या माणसाच्या नावाचेही पैसे निघू शकतात.

दुसरी, ज्यांना वृद्धवेतनाशिवाय फारसं उत्पन्न नाही त्यांनी बितुआख लेउमीत उत्पन्नपूर्तीची, म्हणजे हश्लामत हखनासाची, चौकशी करावी. राहतं घर स्वतःचं असलं तरी ती मिळू शकते. ती मिळाली की अर्नोना आणि विजेच्या बिलातही सवलत मिळते. आपली माणसं मागायला लाजतात. हा हक्क आहे, भीक नाही.

तिसरी, अजून सरकारी घरात भाड्याने राहणाऱ्यांनी विकत घेण्याची सवलत आहे का ते आपल्या हयातीत विचारून घ्यावं. आता ते भाड्याचं घर मुलांकडे आपोआप जात नाही. अर्ज करण्यापूर्वी वकिलाला किंवा नगरपालिकेतल्या समाजसेविकेला कागद दाखवा.

चौथी, मृत्युपत्र करा आणि मुलांना समोर बसवून सांगा, कोणाला काय आणि का. घर कुठल्या गावात आहे यावरून वाटणीत फरक पडतो. नंतर भावंडांत अढी येण्यापेक्षा आज अर्धा तास बोललेलं बरं.

आणि नातवंडांना आपली गोष्ट सांगताना सालं सांगा. कधी आलो, कुठे पाठवलं, काय काम मिळालं, घर केव्हा आणि कसल्या कर्जावर घेतलं. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपण धाकट्या भावाच्या मागे पडलो, आपल्यातच काहीतरी कमी होतं. त्यांच्या हयातीत ही सालं आणि हे आकडे मांडून त्यांच्यासमोर कोणी ठेवले नाहीत. तुमच्या घरात असं मनात धरून बसलेलं कोणी असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.